दिवेलागणीच्या पाकोळ्या: मुलांना छोट्या वटवाघळांची ओळख करून देताना

संध्याकाळी गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेलं की डोक्यावरून काहीतरी फडफडत जातं, वळतं, पुन्हा येतं. आपण मान वर न करता चिमटे काढतो, कपडे खांद्यावर टाकतो आणि खाली येतो. बरोबर सहा-सात वर्षांचं पोर असेल तर ते मात्र तिथेच थांबतं. "ते काय होतं?" मी पहिल्यांदा "काही नाही रे, पाखरू होतं, चल" असं सांगून मोकळी झाले होते. ते पाखरू नव्हतं हे मला माहीत होतं. पण "वटवाघूळ" म्हटलं की पोरगं रात्री घाबरेल, अशी माझीच समजूत होती. त्यानंतर गेल्या काही वर्षांत घरच्या आणि सोसायटीतल्या बऱ्याच मुलांना घेऊन मी गच्चीवर उभी राहिले आहे. त्यातून जे जमलं आणि जे फसलं, ते क्रमाने सांगते.

आधी नावाचा घोळ मिटवा

"वटवाघूळ" म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे वडा-पिंपळावर दिवसा उलटी लटकलेली मोठाली धुडं येतात. ती फळं खाणारी. पंख पसरले तर चार फुटांच्या आसपास, वजन किलोच्या पुढेही जातं. आपल्या गच्चीवरची मंडळी वेगळी. ती किडे खाणारी, अंगाने आपल्या अंगठ्याएवढी. आमच्याकडे त्यांना पाकोळी म्हणतात. काही भागांत पाकोळी म्हणजे एक पक्षी, काही ठिकाणी चक्क फुलपाखरू. तुमच्या घरात जो शब्द असेल तो ठेवा, फक्त मुलांशी बोलताना छोट्या आणि मोठ्या वाघळांना दोन वेगळी नावं द्या, म्हणजे पुढचा गोंधळ टळतो. मी इथे छोट्यांना पाकोळीच म्हणणार आहे.

गावात-शहरात सर्वांत जास्त दिसतात त्या पिपिस्ट्रेल गटातल्या पाकोळ्या. वजन तीन-चार ग्रॅम. मुलाच्या तळहातावर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि सांगा, एवढीच. पंख पसरले तर जेमतेम एक वीत. हे नाणं हातावर ठेवणं माझ्या अनुभवात सगळ्यात उपयोगी ठरलं आहे. एक रुपयाएवढ्या वजनाच्या प्राण्याला घाबरायचं कसं, हे मुलांना समजतच नाही.

पहिली पायरी: घरातल्या मोठ्यांची तयारी

मुलांपेक्षा मोठ्यांना जास्त समजवावं लागतं. गच्चीवर जायचं ठरलं की आजी हटकून म्हणणार, "दिवेलागणीला केस मोकळे सोडून वर जाऊ नका, पाकोळी केसांत अडकते." आजीशी वाद घालू नका. वेणी घाला आणि जा. काळोखात उडता उडता डासाएवढा किडा नेमका टिपणाऱ्या प्राण्याला एवढं मोठं डोकं दिसणार नाही होय, असं वरच्या जिन्यात मुलांना हळूच विचारा. पाकोळी डोक्याजवळ येते ती आपल्याभोवती घोंघावणाऱ्या डासांसाठी.

दुसरी समजूत आंधळेपणाची. एकही वाघूळ आंधळं नसतं. मोठ्या फळखाऊंचे डोळे तर चांगले टपोरे असतात. पाकोळीचे बारीक असतात, पण त्यांना दिसतं.

तिसरी रक्ताची. ही सिनेमातून येते, त्यामुळे मुलंही विचारतात. रक्तावर जगणाऱ्या वटवाघळांच्या जगात तीनच जाती आहेत, त्या मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंतच्या पट्ट्यात सापडतात. भारतात एकही नाही. जगात वटवाघळांच्या साधारण १,४०० जाती आहेत, त्यांत या तीन.

दुसरी पायरी: दिवसाउजेडी हाताचं चित्र

थेट अंधारात नेण्याआधी एका दुपारी कागद-पेन्सिल घेऊन बसा. मुलाला कागदावर हात ठेवून कडेने रेघ मारायला सांगा. आता अंगठा तसाच ठेवून बाकीची चार बोटं कागदाच्या कडेपर्यंत लांबवायची, बोटांच्या मधली जागा भरायची आणि शेवटच्या बोटापासून अंगापर्यंत, अंगापासून पायापर्यंत पडदा ओढायचा. झाला पंख. वटवाघळाचा पंख म्हणजे खरोखर हातच, लांबलचक बोटांवर ताणलेली कातडी. अंगठा मोकळा राहतो आणि त्याच्या नखीने ते भिंतीवर सरपटतं. पक्ष्याचा पंख पिसांचा. हा फरक एकदा हाताने काढला की मूल पुढे कधी "पाखरू" म्हणत नाही.

मग प्रश्न येतातच. अंडी घालतात का? नाही, पिल्लू होतं आणि आई त्याला दूध पाजते, मांजरीसारखीच. वटवाघूळ हा खरोखरचं उडणारा एकमेव सस्तन प्राणी आहे. उलटं लटकून चक्कर येत नाही का? पाय दुखत नाहीत का? इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. आपण दांडीला लटकलो तर धरून ठेवायला जोर लागतो. वाघळाचं उलटं. त्याच्या पायांतल्या शिरांची रचना अशी की शरीराच्या भारानेच बोटं मिटून घट्ट बसतात. धरायला कष्ट नाहीत, सोडायला थोडे आहेत. म्हणून ते झोपेतही पडत नाही. हे सांगितल्यावर पुढचे दोन दिवस मुलं पलंगाच्या कडेला लोंबकळत असतात, तयारी ठेवा.

तिसरी पायरी: वेळ आणि जागा

वेळ सोपी आहे, शुभंकरोतीची. सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी, आकाश निळसर असतानाच पिपिस्ट्रेल बाहेर पडतात. पुण्याच्या आसपास जूनअखेरीस सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास, तर डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या आतबाहेर. त्यानुसार वर जा. सूर्यास्ताआधी दहा मिनिटं पोचा आणि एकूण चाळीस मिनिटांत खाली या. लहान मुलांचा धीर तेवढाच, शिवाय सूर्यास्तानंतरची पहिली पंचवीस मिनिटंच काळ्या आकृत्या आकाशावर स्पष्ट दिसतात. पुढे सगळं काळ्यावर काळं.

जागेसाठी गुहा, किल्ला, जंगल काही नको. गच्ची, शाळेचं मैदान, तळ्याचा काठ, विहिरीजवळची मोकळी जागा, गावाकडचं अंगण, जिथे आकाशाचा मोठा तुकडा दिसतो आणि जवळ थोडी झाडं किंवा पाणी आहे अशी कुठलीही जागा. रस्त्यावरचा दिवा असेल तर उत्तम, कारण किडे तिथे जमतात आणि पाकोळ्या किड्यांमागे येतात.

ऋतूबद्दल थोडं. जगभर ऑगस्टच्या अखेरीस वटवाघळांची आंतरराष्ट्रीय रात्र साजरी होते. आपल्याकडे तेव्हा गच्चीवर छत्री धरून उभं राहावं लागतं. तो नाद सोडा. सर्वांत चांगली संध्याकाळ म्हणजे वळवाचा पाऊस पडून गेल्यावरची. जमिनीतून पंख फुटलेल्या वाळव्यांचे थवे उठतात, दिव्याखाली पंखांचा सडा पडतो आणि पाकोळ्या अक्षरशः तुटून पडतात. त्या संध्याकाळी गृहपाठ राहिला तरी चालेल. त्याखालोखाल ऑक्टोबर-नोव्हेंबर.

चौथी पायरी: नुसतं बघणं

गच्चीवर चादर अंथरा आणि सगळ्यांनी उताणं पडा. उभं राहून मान वर केली की मुलं पाच मिनिटांत कंटाळतात, पडून राहिली की रमतात. टॉर्च एकच आणि तो मोठ्यांच्या हातात. मोबाइल बंद. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो आणि एका स्क्रीनने ती सवय मोडते.

आधी दिसतील त्या पाकोळ्या नव्हेतच. सूर्य बुडता बुडता इमारतींभोवती चिर्रर्र असा कल्ला करत झपाट्याने फिरणारे पक्षी असतात, ज्यांनाही काही जण पाकोळ्याच म्हणतात. त्यांचा आकार ताणलेल्या धनुष्यासारखा. ते मध्येच पंख न हलवता तरंगतात आणि ओरडतात. काही वेळाने ते आपल्या घरट्यांकडे जातात आणि आकाश दोन-चार मिनिटं रिकामं होतं. मग पहिली खरी पाकोळी येते, आवाज न करता. तिची फडफड थांबत नाही, तरंगणं नाही, सरळ रेष नाही. मध्येच अशी गचकन वळते की वाटावं कोणी दोरीने ओढलं. तो गचका म्हणजे एक किडा गेला. पहिली पाकोळी कोण बघतंय याची पैज लावा. मोठी माणसं बहुधा हरतात.

गचके मोजायला सांगा. एक पाकोळी निवडायची, ती नजरेआड होईपर्यंत तिने किती वेळा अचानक दिशा बदलली ते बोटांवर मोजायचं. हा खेळ वाटतो त्यापेक्षा अवघड आहे, म्हणूनच टिकतो.

आम्ही लहानपणी खडे वर फेकायचो. पाकोळी किडा समजून खड्याकडे झेपावते आणि जवळ आल्यावर फसगत कळून सोडून देते. मजा यायची, खोटं कशाला बोलू. पण खडा लागला तर तिच्या बोटाचं काडीएवढं हाड मोडतं आणि मग तिचं उडणं संपतं. मुलांना हे सांगा, फेकून दाखवू नका.

पाचवी पायरी: न ऐकू येणारा आवाज

इथे वेळ घालवा, सगळी गोडी इथे आहे.

सुरुवात विहिरीपासून करा. विहिरीत किंवा डोंगराच्या कड्यासमोर "कूऽऽ" केलं की "कूऽऽ" परत येतं, हे मुलांना माहीत असतं. नववीच्या पुस्तकात असतं तसं सांगायचं तर वेगळा प्रतिध्वनी ऐकू यायला समोरची भिंत साधारण १७ मीटर लांब हवी, कारण आवाज जाऊन यायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. त्याहून लवकर परत आला तर आपल्या कानाला तो वेगळा कळत नाही. पाकोळीला कळतो. तिच्यापुढे पावणेदोन मीटरवर पतंग असेल तर तिची हाक सेकंदाच्या शंभराव्या भागात परत येते आणि तेवढ्यावरून ती ओळखते की किडा कुठे आहे आणि कोणीकडे चालला आहे.

मग आपल्याला तिची हाक का ऐकू येत नाही? आपल्या कानाची मजल सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंत, तीही लहानपणी. वय वाढेल तशी ती कमी होते. पिपिस्ट्रेलची हाक ४०,००० च्या आसपास असते. बिळात एकमेकींशी भांडताना त्या जो चिकचिकाट करतात तो मात्र आपल्यालाही ऐकू येतो. लहान मुलांना मोठ्यांपेक्षा चांगला, ही त्यांना फार अभिमानाची गोष्ट वाटते.

यामागची गोष्ट मुलांना आवडते. इटलीत लाझ्झारो स्पालान्झानी नावाचे धर्मगुरू आणि वैज्ञानिक होते. १७९३ मध्ये त्यांच्या लक्षात आलं की मेणबत्ती विझल्यावर घुबड धडपडतं, वटवाघूळ मात्र बिनधास्त उडतं. पुढे जिनिव्हाच्या लुई ज्युरीन यांनी वाघळांचे कान बंद केले, तेव्हा ती आपटू लागली. म्हणजे ती कानांनी बघतात! लोकांनी ही गोष्ट हसण्यावारी नेली. सुमारे दीडशे वर्षं. १९३८ मध्ये डोनाल्ड ग्रिफिन या अमेरिकेतल्या विद्यार्थ्याने पिंजऱ्यातली वाघळं एका प्राध्यापकांच्या यंत्रासमोर धरली. माणसाला न ऐकू येणारा आवाज ते यंत्र पकडायचं. खोलीत शांतता होती आणि यंत्र बडबडत होतं.

आता खेळ. आपली आंधळी कोशिंबीरच, नियम थोडे बदललेले. आठ-दहा मुलं हात धरून गोल करतात, ती झाडं. मध्ये डोळे बांधलेली एक पाकोळी आणि दोन पतंग. पाकोळी "टिक" म्हणाली की पतंगांनी लगेच "टक" म्हणायलाच हवं, तो प्रतिध्वनी. पाकोळी हवं तितक्या वेळा हाक मारू शकते. दोन-तीन डाव झाले की मुलांच्या आपोआप लक्षात येतं: पतंग लांब असताना एखादी हाक पुरते, जवळ आल्यावर टिकटिकटिकटिक अशी घाई करावी लागते. खरी पाकोळी नेमकं हेच करते, शेवटच्या क्षणी तिच्या हाका एकमेकींना चिकटून नुसती गुणगुण होते. हे आधी सांगू नका. मुलांनाच सापडू द्या.

एक शेवटची करामत. काही पतंगांना कान असतात आणि ते पाकोळीची हाक ऐकून जीव वाचवतात. आपल्या किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवला की त्यातून आपल्याला ऐकू न येणारे बारीक आवाजही निघतात. दिव्याभोवती फिरणाऱ्या पतंगांजवळ किल्ल्या वाजवून बघा. सगळे नाही, पण एखादा पतंग पंख मिटून दगडासारखा खाली पडतो किंवा वेड्यावाकड्या गिरक्या घेतो. तीन-चार संध्याकाळी काहीच होत नाही आणि मग एकदा होतं, तेव्हा मुलांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

सहावी पायरी: घर शोधणं आणि मोजणी

त्या येतात कुठून, हा प्रश्न आठवड्याभरात येईल. पाकोळीला फट पुरते: अंगठा जाईल एवढी. कौलांखाली, दुकानाच्या पाटीमागे, खिडकीच्या छज्जाखाली, जुन्या वाड्याच्या तुळईजवळ, पुलाच्या सांध्यात, माडाच्या वाळक्या झावळ्यांत. कोकणात केळीच्या वाळून लोंबणाऱ्या पानात एक नारिंगी-काळी पाकोळीही राहते. दिवसा ती वाळक्या पानात मिसळून जाते. केळीची बाग असेल तर सगळी वाळकी पानं एकदम कापू नका एवढंच.

खूण म्हणजे फटीखालच्या लेंड्या. दिसायला उंदराच्या, पण काडीने दाबल्या तर चुरा होतो आणि त्यात किड्यांच्या पंखांची चकमक दिसते. उंदराची लेंडी वाळली की कडक होते. ही परीक्षा मोठ्याने करायची, उघड्यावर, काडीने, आणि नंतर हात धुवायचे.

फट सापडली की दिवसा तिथे डोकावायचं नाही, टॉर्च मारायचा नाही. संध्याकाळी दहा-पंधरा पावलं लांब बसायचं आणि बाहेर पडणाऱ्या मोजायच्या. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. वहीत तारीख, सूर्यास्ताची वेळ, पहिली कधी निघाली, एकूण किती, पाऊस होता का. महिनाभर आठवड्यातून एकदा केलं तरी मुलाकडे स्वतःचा म्हणावा असा तक्ता तयार होतो.

मोजणी सुरू झाली की कोणीतरी सांगतंच, "एक पाकोळी तासाला हजार डास खाते." हा आकडा मुलांच्या वहीत जाऊ देऊ नका. त्याचं मूळ अमेरिकेतल्या जुन्या प्रयोगांत आहे, ज्यांत वाघळांना बंद खोलीत किडे भरून सोडलं होतं आणि त्यांचं वजन आधी-नंतर मोजलं होतं. मोकळ्या आकाशातली पाकोळी डास खाते, तसेच पतंग, वाळव्या, भातावरचे तुडतुडे, बारीक भुंगेरे, समोर येईल ते. ती खूप खाते हे खरं. पण डास मारायचं यंत्र म्हणून ओळख करून दिली की डास कमी झाले नाहीत म्हणून मूल तिच्यावर रुसतं. मी हे बघितलं आहे.

हात लावायचा नाही, कधीच नाही

वर जायच्या आधी एकच नियम पाठ करून घ्या: बघायचं, हात लावायचा नाही. जिवंत, जखमी, मेलेलं, पिल्लू, कशालाच नाही. जमिनीवर पडलेली पाकोळी घाबरलेली असते आणि चावते. तिचे दात एवढे बारीक की खूण दिसेलच असं नाही. जगात वटवाघळांपासून रेबीज झाल्याच्या नोंदी आहेत आणि रेबीज झाल्यावर उपाय नाही. चावली किंवा ओरखडा आला तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. "बघू उद्या" नाही. आणि मुलाला सांगून ठेवा की चुकून हात लावलास तर रागावणार नाही, पण लगेच सांग. लपवलेला ओरखडा जास्त धोक्याचा.

घरात शिरली तर सगळ्यात आधी पंखा बंद. आरडाओरडा, झाडू, टॉवेल नंतर आठवतात, पंखा कोणालाच आठवत नाही आणि पाकोळी मरते ती बहुधा त्यानेच. मग आतलं दार लावायचं, खिडक्या सताड उघडायच्या, दिवा घालवायचा आणि खोलीबाहेर जाऊन थांबायचं. दहा-पंधरा मिनिटांत ती बहुतेक वेळा आपणहून जाते.

खाली पडलेली दिसली तर मुलांना लांब उभं करा. मोठ्याने जाड हातमोजे घालून किंवा पुठ्ठ्याने सरकवून तिला चपलांच्या खोक्यात घ्यायचं. खोक्यात जुनं सुती फडकं आणि झाकणाला भोकं. संध्याकाळी खोकं उंचावर, भिंतीला टेकवून उघडं ठेवा. पाकोळी जमिनीवरून सहज उडत नाही, तिला चढायला खरबरीत काहीतरी लागतं. उडाली नाही किंवा पिल्लू असेल तर वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन करा. दूध पाजू नका.

गुहांबद्दल विचारलंत तर लहान मुलांना घेऊन नको. देवगिरी किल्ल्यातल्या अंधारी या भुयारी वाटेतून चालत पुढे गेलात, वर चिकचिकाट ऐकला, नाक धरलंत, ठीक. पण जिथे लेंड्यांचा थर साचला आहे अशा बंद गुहेत थांबू नका. त्या थरात श्वसनाचा आजार देणारी बुरशी असू शकते. महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांत निपाह विषाणूच्या संसर्गाच्या खुणा आढळल्याचं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या वाघळांत फळखाऊ होती तशी पिपिस्ट्रेलही होती. याचा अर्थ गच्चीवर जायचं बंद करा असा नाही. वर उडणारी पाकोळी आणि खाली पडून बघणारं मूल यांच्यात जे अंतर असतं ते पुरेसं आहे. त्यांच्या घरात जाऊन उभं राहायचं नाही.

गुहेचं आकर्षण असेलच तर मुलांना गोष्ट सांगा. बेळगाव-गोव्याच्या सीमेवर भीमगडच्या जंगलात बारापेडे नावाची गुहा आहे. तिथल्या एका मोठ्या कानांच्या, किडे खाणाऱ्या वाघळाची जात १९१३ मध्ये विज्ञानाला कळली. त्याला नाव मिळालं रॉटन यांचं, जे तेव्हाच्या मुंबई इलाख्यात वन अधिकारी होते. पुढे कित्येक दशकं जगाच्या पाठीवर ते वाघूळ त्या एकाच गुहेत असल्याचं माहीत होतं. नंतर ते मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचं नाव आहे, वाघाबरोबर. "म्हणजे वाघाएवढं महत्त्वाचं?" असं आमच्याकडे विचारलं गेलं होतं. मी हो म्हणाले.

थंडीत एक दिवस असा येईल की वहीत शून्य लिहावं लागेल. जानेवारीच्या गार संध्याकाळी किडे कमी, म्हणून पाकोळ्याही कमी निघतात किंवा लवकर परततात. मूल हिरमुसतं, कोणीतरी त्यांना हाकललं असं त्याला वाटतं. शून्यच लिहायला सांगा, समोर तारीख घाला, आणि फेब्रुवारीच्या मध्यावर पुन्हा चादर घेऊन वर जा.